पुनर्वापर मंडळाचा वरचा मजला

या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही. आजवर बसलेला नाही, यापुढे बसायचा नाही, आणि एखाद्याचा बसलाच तर त्याने वेळीच डॉक्टरला जीभ दाखवून यावी. पण भट्टीतून पावाची पुढची खेप निघायला अजून अवकाश आहे, रिकाम्या पिशव्या हातात लोंबताहेत, आणि रांगेत एकमेकांच्या मानेकडे बघत ताटकळण्यापेक्षा काहीतरी कानावर पडलेलं बरं. शिवाय यातला शब्द न् शब्द खरा आहे. हीच तर या गोष्टीची खरी अडचण.

तर एक होता पाडकामाचा ठेकेदार. त्याचं खरं नाव सांगायला त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागे, कारण सगळं शहर त्याला भुईसपाट म्हणायचं. तो रस्त्याने निघाला की दोन्ही बाजूंच्या इमारती पोट आत घेऊन उभ्या राहायच्या. एकदा त्याला भर चौकात शिंक आली, तर समोरच्या बँकेचा सज्जा मुकाट्याने खाली उतरून फुटपाथवर बसला. सासरी पहिल्यांदा गेला तेव्हा सासूने त्याच्यासाठी खुर्ची टाकली ती अंगणाच्या मधोमध, चारी भिंतींपासून सारख्या अंतरावर. म्हणाली, "जावईबापू, मनात काही आणू नका हं. पण घराला नुकताच रंग दिलाय."

बाकीचे ठेकेदार इमारत पाडायला घेतात ती छपरापासून. भुईसपाटची टोळी घ्यायची जिन्यापासून. त्याला कारण होतं. धंदा नवा होता तेव्हा एका घराचं निम्मं छप्पर उतरवून झालं आणि जुना भाडेकरू हातात वळकटी घेऊन परत आला. "छत्री राहिली," म्हणत वर गेला आणि वर जाऊन बसला तो बसलाच. त्याला खाली आणता आणता टोळीच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून त्यांचा नेम ठरला: जिना आधी. वर जायला वाटच नसली की कुणाचं काही राहत नाही. टोळीची स्वतःची चढउतार परांचीवरून. बांबू बांधून उभी केलेली त्यांची परांची एवढी पक्की असायची, की आतली इमारत पाडून झाली तरी ती बाहेर एकटीच दिमाखात उभी असायची, आणि लोक विचारायचे, ही नवीन कुणी बांधली?

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त टोळीला माहीत. एवढा नामांकित पाडणारा, पण पहिला घाव त्याला बघवायचा नाही. दाराबाहेर यायचा, इमारतीकडे पाठ करायचा आणि समोर जे काही असेल, दुकान, झाड, विजेचा खांब, त्याच्याकडे एकटक बघत राहायचा. त्यामुळे "सुरू करा" हे शब्द त्याला कधी तोंडातून काढावेच लागले नाहीत. मालकांची पाठ फिरली, की घाव पडला.

असं सगळं सुरळीत पडत असताना शहराच्या कारभाऱ्यांना पर्यावरणाचा साक्षात्कार झाला. त्यांचं एक शिष्टमंडळ परदेशात अभ्यासाला गेलं. तिथे त्यांनी जुन्या धान्यकोठाराचं केलेलं हॉटेल पाहिलं आणि जुन्या तुरुंगाचं केलेलं वाचनालय पाहिलं. हॉटेलात राहिले, वाचनालयाच्या दारात फोटो काढले, आणि परत आले ते डोळ्यांत पाणी घेऊनच. सिमेंटच्या प्रत्येक पोत्यामागे आकाश काळवंडतंय म्हणाले. विटा भाजताना पृथ्वीच भाजून निघतेय म्हणाले. यापुढे आहे ते वापरा! जुन्यावर भागत असेल तिथे नवीन बांधायचं नाही, धडधाकट इमारत पाडायची नाही, आणि भागतं की नाही, धडधाकट आहे की नाही, हे ठरवायला एक पुनर्वापर मंडळ.

त्यात चुकीचं काहीच नव्हतं. अगदी भुईसपाटच्या बायकोलासुद्धा पटलं.

मंडळ झालं म्हणजे अध्यक्ष आले. अध्यक्ष आले म्हणजे त्यांना बसायला जागा हवी. आता पुनर्वापराचं एवढं मोठं काम, ते कुठल्या तरी जुन्यापुराण्या जागेत बसून करायचं? लोक काय म्हणतील? तेव्हा पहिल्याच सभेत ठराव झाला, की मंडळासाठी नवंकोरं पुनर्वापर भवन बांधावं. आर्किटेक्टबाईंनी त्याचं मॉडेल करून आणलं. चारी बाजूंनी काच, आत नखाएवढी झाडं, झाडांखाली नखाएवढी माणसं, आणि तळमजल्यावर हजार माणसांचं सभागृह, ज्यात लोकांना बांधकाम न करण्याचे धडे मिळणार होते.

जागा ठरली ती बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची. कारखाना पाडायचा, पण त्यातली एक वीट जपून ठेवायची आणि भवनाच्या प्रवेशद्वाराशी काचेच्या पेटीत, खालून दिवा लावून, मांडायची.

"म्हणजे पुनर्वापरही झाला," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो बर्फाचा कारखाना म्हणजे काय चीज होती! भिंती अशा जाड, की खिडकीत मांजर आडवं झोपलं तर रस्त्यावरून त्याची मिशी दिसायची नाही. बाहेरची गरमी आत शिरू नये म्हणून दुहेरी भिंत घालून मधल्या पोकळीत बुचाचा चुरा ठासून भरलेला. पुढे घरोघरी फ्रीज आले, बर्फाला कुणी विचारेना, कारखाना बंद पडला, आणि तळमजला भाड्याने घेतला भुईसपाटच्या थोरल्या बहिणीने. तिला पावाची भट्टी लावायची होती. धूर होतो म्हणून कुणी जागा देत नव्हतं, आणि हा कारखाना कुणी घेत नव्हतं, तेव्हा दोघांचं जमलं. तिने भिंतीला खेटूनच, किंबहुना भिंतीतच, भट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटवायला गेली तर कालचीच भट्टी तापून तिची वाट बघत बसलेली! बाहेरची गरमी आत न घेणारी भिंत आतली बाहेरही सोडत नव्हती. तेव्हापासून ताईंच्या भट्टीला लाकूड लागायचं ते नावापुरतं. मळलेलं पीठ भिंतीकडे तोंड करून ठेवलं तरी लाजून फुगायचं.

या ताईंनीच भुईसपाटला लहानाचा मोठा केला होता. लहानपणी ती त्याला ठोकळ्यांचं घर बांधून द्यायची, तो पाडायचा. ती पुन्हा बांधायची, तो पुन्हा पाडायचा. दोघांचे धंदे काय होणार ते तिथेच ठरलं होतं.

कारखाना पाडायचा ठेका निघाला आणि तो भुईसपाटला मिळाला. दुसऱ्या कुणाला मिळणार? तो भट्टीवर आला तेव्हा ताई पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

"मिळाला म्हणे."

"मिळाला."

"बस. त्या खुर्चीवर बस. भिंतीला टेकू नकोस, अजून वेळ आहे."

"ताई, असं बोलू नकोस. मी नाही घेतला तर दुसरा कुणीतरी घेणारच."

"तेच म्हणते मी. परक्याला कशाला त्रास? घरच्या माणसाच्या हातून पडलेलं बरं."

"तुला दुसरी जागा देतायत. मी बोलून ठेवलंय. नव्या वसाहतीत. नवव्या मजल्यावर."

ताईचे हात थांबले. "नवव्या मजल्यावर भट्टी लावू?"

"लिफ्ट आहे ना."

"बरं झालं. पिठाच्या गोणी लिफ्टने, लाकूड लिफ्टने, गिऱ्हाईक लिफ्टने. आणि धूर रे? त्याला जिन्याने जायला सांगू?"

"मग ही भट्टीच उचलून नेता येते का बघतो. माझी माणसं अलगद..."

"भट्टी भिंतीत आहे, शहाण्या. भिंत नेतोस?" तिने पिठाचा गोळा पाटावर असा आपटला, की भुईसपाट दचकला. "ही भिंत तापायला माझं अर्धं आयुष्य गेलं. आता या वयात दुसरी तापवायला घेऊ? आणि ती तापेपर्यंत खाऊ काय?"

तिने नेहमीसारखा गरम पाव त्याच्या हातात ठेवला. भुईसपाटने तो न खाताच खिशात टाकला. ठेक्यावर सही झालेली, टोळीच्या घरच्या चुली त्याच्या भरवशावर, आणि समोर ही. पाडायला घेतलं तर बहीण रस्त्यावर, सोडून दिलं तर दुसरा कुणी येऊन तिला रस्त्यावर आणणार. असा तो बिचारा दोन्हीकडून चेपला गेला.

कायद्याप्रमाणे कारखाना पाडण्याआधी तो धोकादायक ठरायला हवा होता, आणि धोकादायक ठरवायला मंडळाने जातीने वर चढून तपासणी करायला हवी होती. हा नियम खुद्द अध्यक्षांनीच आग्रहाने घातलेला. तेव्हा ठरल्या दिवशी अध्यक्ष, मंडळाचे इंजिनिअर आणि आर्किटेक्टबाई, अशी तिघं लाकडी जिना चढून सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली. भुईसपाट मागोमाग होताच. टोळी खाली दारात हत्यारं घेऊन बसली होती.

वर बर्फाचे लांबलचक पत्र्याचे साचे रांगेने पडले होते, मधोमध मोठी टाकी होती. इंजिनिअरनी भिंतीवर हातोडी मारली. हातोडीचा दांडा मोडला.

"लिहा," अध्यक्ष म्हणाले, "धोकादायक."

"साहेब, भिंतीला काही झालं नाही. हातोडी मोडली."

"मग? हातोडीला धोका झाला की नाही?"

इंजिनिअरनी लिहिलं. शिक्का उमटला. आणि नेमकी त्याच वेळी खालून ताईची हाक आली.

"अरे ए! चहा निवतोय! खाली ये!"

ताईने हाक मारली की भुईसपाट लहानपणापासून होता तिथून निघायचा. तसा तो निघाला, खाली आला, तिच्या हातून कपबशी घेतली. पण तिच्याकडे बघायची त्याची हिंमत होईना. भट्टीकडेही बघवेना. म्हणून तो कप घेऊन दाराबाहेर आला, इमारतीकडे पाठ केली आणि समोरच्या बंद दुकानाच्या शटरकडे एकटक बघत चहा प्यायला लागला.

मुकादमाने पाठ पाहिली. मुकादमाने टोळीकडे पाहिलं. टोळी उठली.

ताईला टोळीची ही रीत ठाऊक होती की नव्हती, हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "मला कामं असतात."

ती टोळी म्हणजे काय टोळी! भुईसपाटचा कप अर्धा व्हायच्या आत पायऱ्या सुटल्या, कठडा निघाला, तुळया खांद्यावर चढल्या. जुन्या सामानाचा व्यापारी हातगाडी घेऊन कोपऱ्यावर टपलेला असायचाच, त्याने जागच्या जागी जिना उचलला. दोन गल्ल्या पलीकडे एका गृहस्थाला माळ्यासाठी अस्साच जिना हवा होता. कपातला शेवटचा घोट संपला, तेव्हा त्या गृहस्थाची सासू त्या जिन्यावरून माळ्यावर चढून "इथे धूळ किती!" असं ओरडलीही होती. शहराच्या इतिहासात एवढा झटपट पुनर्वापर ना त्याआधी झाला, ना त्यानंतर.

भुईसपाट वळला आणि त्याच्या हातातली बशी खाली पडली.

"अरे, हे काय केलंत!"

"जिना काढला, मालक," मुकादम घाम पुसत म्हणाला. "तुम्ही पाठ फिरवलीत ना."

"मी चहा पीत होतो!"

"आता चहा पिताय हे पाठीवरून कसं कळायचं?"

वर अध्यक्ष खाली उतरायला निघाले होते. त्यांनी पहिल्या पायरीवर टाकायला पाय उचलला, आणि जिथे पायरी असायची तिथे खाली थेट ताईच्या पिठाच्या परातीत बघणारी पोकळी होती. इंजिनिअरनी मागून कोट धरला म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी शहराने मंडळाचा अध्यक्ष पावातून खाल्ला असता.

अग्निशमन दलाची गाडी घंटा वाजवत आली. अधिकाऱ्याने शिडी वर केली, आणि भिंतीला टेकवणार एवढ्यात थबकला.

"ही इमारत धोकादायक तर नाही ना?" त्याने खालून विचारलं.

"आत्ताच झाली!" अध्यक्ष खिडकीतून अभिमानाने म्हणाले.

"मग शिडी टेकवता येत नाही साहेब. धोकादायक भिंतीवर कसलाही भार टाकायचा नाही. नियम आहे."

"कुठल्या मूर्खाने केलाय हा नियम?"

"आपल्याच मंडळाने, साहेब."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "बरं. मग धोकादायक नाही असं समजा."

"समजून चालत नाही. तसं लिहून द्या, लगेच उतरवतो."

अध्यक्षांनी लेखणी उचलली आणि खाली ठेवली. धोकादायक नाही असं लिहून दिलं, की इमारत धडधाकट ठरणार. धडधाकट ठरली, की त्यांच्याच कायद्याने ती पाडता येणार नाही. पाडता आली नाही, की काचेचं भवन गेलं, हजार माणसांचं सभागृह गेलं, पेटीतली वीटसुद्धा गेली.

"आम्ही बसतो," अध्यक्षांनी जाहीर केलं. "कायद्यातून काहीतरी वाट निघेल."

निघेना. कुणीतरी सुचवलं, नवा जिना बांधा. नवीन बांधकाम म्हणजे मंडळाची परवानगी आली. अर्ज लिहिला, ताईच्या पावाच्या टोपलीत ठेवला, दोरीने वर चढवला. अध्यक्षांनी सवयीने चष्मा लावला आणि शेरा मारला: जुन्या जिन्यावर भागत असताना नव्याची गरज दिसत नाही, नामंजूर.

"साहेब," इंजिनिअर हळूच म्हणाले, "वर आपणच आहोत."

"नियम सगळ्यांना सारखा!" अध्यक्ष गरजले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांच्या निःस्पृहपणाची मुक्तकंठाने तारीफ केली.

मग काय, वरच मुक्काम पडला. टोपलीतून दिवसभर गरम पाव वर जायचे, रिकामी टोपली खाली यायची. पहिला दिवस तिघांनी कुरकुरण्यात काढला. दुसऱ्या दिवशी आर्किटेक्टबाईंना स्वस्थ बसवेना. त्यांनी बर्फाचे साचे पालथे घालून त्यांच्या खाटा केल्या, बुचाच्या चुऱ्याची गादी केली. इंजिनिअरनी टाकीवर दाराची फळी टाकून सभेचं टेबल केलं. खालच्या भट्टीची ऊब भिंतीतून चढायची, त्यामुळे पांघरूण लागेना. अध्यक्षांची गुडघेदुखी गेली. आर्किटेक्टबाई तर एकदा बोलून गेल्या, की इतक्या वर्षांत इतकी राहती जागा आपल्या हातून झाली नव्हती. अध्यक्षांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी उरलेलं वाक्य पावाबरोबर गिळून टाकलं.

अध्यक्षांच्या सौभाग्यवती खाली येऊन उभ्या राहिल्या.

"अहो! येताय की नाही?"

"कामात आहे!"

"सावकाश होऊ दे! तुमचं घोरणं नाही तर घरात सगळ्यांना छान झोप लागतेय! ही उशी घ्या!"

उशी वर गेली. मग पंखा गेला, मग कपाट गेलं, मग शिपाई टोपलीत बसून वर गेला (खुद्द अध्यक्षांनी तसं पावाच्या टोपलीत बसून खाली उतरायचं, तर लोक काय म्हणतील?), आणि बघता बघता मंडळाचं सगळं कामकाज वरून चालायला लागलं. गंमत म्हणजे काम कधी नव्हे इतकं व्हायला लागलं. अध्यक्षांना समारंभांना जाता येत नव्हतं, त्यामुळे दिवसभर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. लोक खालून ओरडून तक्रार सांगायचे, निकाल दोरीवरून खाली यायचा, वर चिकटून पावाचा चुरा.

हे सगळं चालू असताना भुईसपाट रोज येऊन समोरच्या शटरपाशी उभा राहायचा. एके दिवशी अध्यक्षांनी त्याला खुणेने खिडकीखाली बोलावलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "काय रे, तुझी परांची म्हणे भिंतीला न टेकता उभी राहते?"

हे खरं होतं. शहरातल्या प्रत्येक गवंड्याला ठाऊक होतं.

"तशी उभी कर," अध्यक्ष म्हणाले. "भिंतीला हातही लावू नकोस. आम्हाला उतरव. कायदा राहिला जागेवर, इमारत राहिली धोकादायक. उद्यापासून पाडायला घे. आणि ऐक. हे काम झालं, की या शहरात पडणारी प्रत्येक भिंत तुझी. दुसऱ्या कुणाच्या हातात घण दिसणार नाही. शब्द देतो."

मुकादमाच्या डोळ्यांत दिवे लागले. प्रत्येक भिंत! टोळीने तर बांबू खांद्यावर घेतलेच होते. भुईसपाट मात्र आत गेला. ताई भट्टीतून पाव काढत होती. तिने सगळं ऐकलेलं होतं, खिडकीखालची कुजबूज भट्टीत स्पष्ट ऐकू यायची.

"जा," ती म्हणाली. "आण बांबू. वरच्या माणसांनाही घरदार आहे."

"आणि तुला?"

"मला ही आहे." तिने भट्टीच्या तोंडावरची राख झाडली. "आहे तोवर आहे."

यावर ती आणखी बोलली असती, रडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर भुईसपाटला सोपं गेलं असतं. ती नुसती पाव मोजून टोपलीत भरत राहिली, वरच्या माणसांसाठी. भुईसपाटने भिंतीवर हात ठेवला. भिंतींवर त्याने आजवर हात ठेवला तो कुठे पोकळ आहे हे बघायलाच. ही गरम होती, आईच्या पाठीसारखी. आणि आश्चर्य म्हणजे त्याचा हात लागून तिला तडा गेला नाही.

तो बाहेर आला, खिडकीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, लोक वाट्टेल त्या थापा मारतात. माझ्या बांबूंना भिंत लागतेच."

मुकादमाचा आ वासला. "मालक, परवा तर आपण त्या गोदामाला..."

"आपल्या बांबूंना भिंत लागते."

मुकादमाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे दारात उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं, मग खांद्यावरचा बांबू खाली ठेवला. "लागते," तो म्हणाला. "मालक म्हणतात तर लागते."

"मग तुझा धंदा बसला म्हणून समज!" अध्यक्ष वरून ओरडले.

"बसला तर बसला, साहेब," भुईसपाट म्हणाला. "आजवर दुसऱ्यांचं बसवत आलो."

अध्यक्ष तरीही उतरले नसते. पावावर आणि उबेवर त्यांनी वर्ष काढलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सौभाग्यवती धापा टाकत आल्या.

"अहो! ऐकलंत का? ते तुमचे उपाध्यक्ष! काल पुलाचं उद्घाटन केलं! आज बागेचं करतायत! तुमच्या जागी!"

"करू दे! तात्पुरतं आहे!"

"अहो, तुमच्या कात्रीने फिती कापतोय हो तो मेला! चांदीच्या!"

आतून खुर्ची उलटी पडल्याचा आवाज आला. चहाच्या वेळेआधी मंडळाची तातडीची सभा भरली, उठली, आणि टोपलीतून ठराव खाली आला: ही इमारत अत्यंत मजबूत असून पुढच्या अनेक पिढ्या उभी राहील. शिडी टेकली. अध्यक्ष पहिले उतरले, आणि शेवटच्या पायरीवरूनच त्यांनी भाषण सुरू केलं. आपण वर अडकलो होतो ही निव्वळ अफवा आहे. जुन्या वास्तूचा भार सोसण्याचा गुण अध्यक्षाने स्वतःच्या देहाने तपासायला नको का? तो आपण तपासला, रोज थोडं वजन वाढवत तपासला. तेव्हा हीच आपल्या मंडळाची पहिली पुनर्वापरित वास्तू, आणि मंडळाचं कार्यालय यापुढे तिच्याच वरच्या मजल्यावर राहील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईच्या हाताला पीठ होतं, म्हणून तिने वाजवल्या नाहीत.

काचेच्या भवनाचं मॉडेल ताईने बिस्किटं ठेवायला मागून घेतलं. भुईसपाटचा पाडायचा धंदा बसला खरा, पण टोळी जिना एवढा अलगद काढते हे शहराने पाहिलंच होतं. आता ते लोकांच्या घरातले जिने, दारं, तुळया काढतात आणि ज्यांना हवेत त्यांच्याकडे बसवून देतात. आणि भुईसपाट नुसता जवळून गेला तरी भेगा पडलेल्या भिंती आपोआप सांधतात. सासूने त्याची खुर्ची भिंतीला लावून टाकलीय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कशावरून? अहो, तुमच्या पाठीला ही जी भिंत गरम लागतेय ना, तीच ती! हाच तो कारखाना, आणि आत पाव काढतायत त्याच त्या ताई. नव्या जिन्याला काही मंजुरी मिळाली नाही, त्यामुळे मंडळ आजही टोपलीनेच चढतं. आत्ता या क्षणीही आपल्या डोक्यावर सभा भरलीय. कान देऊन ऐका जरा. ऐकलंत? अध्यक्षांनी खुर्ची सरकवली!

रांगेतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या बाई बराच वेळ वर बघत राहिल्या. मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो आजोबा, वर पत्रा आहे. पत्रा, आणि पत्र्यावर मांजर चालतंय. या इमारतीला वर मजलाच कुठाय?"